गोदामाआड गेलेले

५ फेब्रुवारी १९८२, शुक्रवार

आज धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले.

गच्चीची किल्ली मॅडम लैलांकडे असते आणि ती फक्त कपडे वाळत घालायला मिळते, दुपारी तीन ते पाच. त्या इजिप्तच्या, आमच्या नर्सेसच्या वसतिगृहावर देखरेख करतात. बाकी दवाखान्याची बस दारातून नेते, दारात सोडते. शुक्रवारी सकाळी वहीत सही करून दोन तास बाजार. रात्री नऊला कुलूप. पासपोर्ट ऑफिसच्या लोखंडी कपाटात. आखातातल्या या आठ वर्षांत याचं काही वाटेनासं झालं आहे. सगळ्याजणींचं असंच आहे.

पण गच्चीवरून मैदान दिसतं. आमच्या भिंतीपलीकडे पत्र्याचं मोठं गोदाम आहे, त्याच्यापलीकडे कोरियन कंपनीच्या कामगारांची छावणी. गेला महिनाभर ते लोक शुक्रवारी दुपारी खेळतात. आमच्या वॉर्डातल्या फिलिपिनो सिस्टरने नाव सांगितलं, बेसबॉल. एप्रिलमध्ये त्यांचा दुसऱ्या छावणीशी सामना आहे, त्याचा हा सराव. नियम मी विचारले नाहीत. बघून कळतातच.

तीन वाळूची पोती मांडलेली असतात. मैदानाचा आमच्याकडचा कोपरा गोदामाच्या छपराआड जातो, तो दिसत नाही. मधोमध एकजण एक पाय उचलून उभा राहतो आणि चेंडू गोदामाच्या आड फेकतो. टक् असा आवाज येतो. मग आडून एक माणूस धावत बाहेर येतो आणि पोतं गाठतो. पोत्यावर पाय ठेवला की त्याला कोणी हात लावायचा नाही. आम्ही लहानपणी डोंगरपाणी खेळायचो, तसंच. जो पकडला जातो तो मान खाली घालून पुन्हा गोदामाआड जातो.

निळ्या टोप्यांचा संघ माझा. पहिल्याच दिवशी ते धडपडत होते म्हणून.

आज निळे: ११ पोत्यांवर उभे राहिले, ९ गोदामाआड गेले.

९ फेब्रुवारी

माझ्या जावेचं, विजयाचं पत्र आलं. सुरेखाचं लग्न ठरलं. दोन मे, रविवार, मिरजेतच. मुलगा बँकेत आहे.

पत्र तीनदा वाचलं. सुरेखा एकोणीस वर्षांची झाली. तिचे वडील गेले तेव्हा ती सहाची होती, आणि मी इकडे आले तेव्हा अकराची. तेव्हापासून ती विजयाकडेच आहे. सख्खी बहीण असं करते का कोणाचं? विजयाने केलं. तिने लिहिलंय, "कन्यादानाला आम्ही दोघं बसू, जोडपंच लागतं ना. तू रजेसाठी जिवाचा आटापिटा करू नकोस. नाही मिळाली तर आम्ही समजून घेऊ."

किती समजूतदार आहे ती.

ऑफिसातून रजेचा अर्ज आणला. हिरवा कागद आहे. या वहीत ठेवला आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

फखरुन्निसा आज माझ्याबरोबर गच्चीवर आली. माझी खोलीतली सोबतीण. रत्नागिरीकडची, एक्सरे विभागात आहे, आणि तिच्या तोंडाला फाटक नाही.

"काय गो शामला, ही चादर काल धुतलीस मां?"

"डाग राहिला होता."

"डाग नाय, जावई बघायला आलीस तू. ह्यांतला कुठला पसंत?"

मी तिला माणसं दाखवली. एका पायावर उभा राहतो तो बगळा. छातीला गादी बांधलेला, मधूनच गोदामाआडून बाहेर येऊन बगळ्याला काहीतरी समजावतो तो काका. दुसऱ्या पोत्यावर हमखास उभा असतो तो उंच माणूस, त्याचं नाव मी खांब ठेवलं आहे. माझा सगळ्यांत आवडता. एकदा पोत्यावर पाय ठेवला की हलत नाही. कोणी कितीही हुलकावणी दिली तरी नाही.

आणि एक आहे उतावळा. बुटका, बाह्या दुमडलेला. पहिलं पोतं गाठतो, तिथे राहवत नाही, दुसरं गाठतो, तिसरं गाठतो, आणि एवढं मिळवून थांबता येत नाही त्याला. धाड्‌दिशी गोदामाआड निघून जातो. मग आत केवढा आरडाओरडा होतो. शिव्याच देत असणार त्याला.

"मला तर तोच बरा वाटतोय," फखरुन्निसा म्हणाली. "बाकीचे पोत्यावर बसून काय अंडी घालतायत?"

निळे: १४ उभे, ८ गेले. त्या आठांत तीनदा उतावळाच.

१३ फेब्रुवारी

अर्ज भरायला घेतला. "रजेचे कारण" पुढे एवढीशीच रेघ आहे. डोक्यात नीट वाक्य बसल्यावर लिहीन.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

विजयाच्या नवऱ्याच्या, प्रभाकरभावोजींच्या ओळखीचे एकजण मिरजेहून आले, त्यांच्याबरोबर सुरेखाने कॅसेट पाठवली. फखरुन्निसाच्या टेपवर ऐकली. गच्चीवर गेलेच नाही.

"शामलाआई, मी सुरेखा बोलतेय. तू कशी आहेस?" असं सुरू केलं तिने. साड्या कुठून घेतल्या, मुलाकडचे किती जण येणार, सगळं सांगितलं. आवाज खूप मोठ्या मुलीचा आहे. मग थोडा वेळ नुसती खरखर, भांड्यांचा आवाज, आणि शेवटी ती म्हणाली, "आई, हे बंद कसं करायचं ग?"

मी पटकन म्हणाले, "लाल बटणाशेजारचं."

फखरुन्निसाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने चहा ठेवला. नाहीतर एरवी ती माझ्यावर हसायची संधी सोडत नाही.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

धुळीचं वादळ. खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावले तरी तांदळाच्या डब्यापर्यंत धूळ. खेळ नाही.

मॅडम लैला जेवणाच्या खोलीत सगळ्यांना सांगत होत्या, एप्रिल-मेमध्ये आमच्या मजल्यावरून फक्त दोघींना रजा मिळेल. एक जागा रबियाने घेतली. दुसरीसाठी अर्ज एकतीस मार्चपर्यंत. बोलताना त्या माझ्याकडेच बघत होत्या असं फखरुन्निसाचं म्हणणं. तिला काहीही वाटतं. मॅडमना सुरेखाच्या लग्नाचं मी सांगितलं होतं खरं, पण त्या कशाला लक्षात ठेवतील?

दोनच जागा. इथे माणसाच्या हातात काहीच नसतं.

५ मार्च, शुक्रवार

हवा चांगली होती. निळे: १७ उभे, ७ गेले. आजवरचा सगळ्यांत चांगला दिवस.

हे सरावाचे दिवस मला फार आवडतात. चुकलं तर चुकलं, कोणी मोजत नाही. बगळ्याचा चेंडू आज दोनदा भलतीकडे गेला, तर तो हसला आणि सगळे हसले. खऱ्या सामन्यात हसता येणार नाही. एप्रिल उजाडेपर्यंत सगळं दुरुस्त करता येईल असं प्रत्येकाला वाटत असतं, आणि त्या वाटण्यातच किती सुख आहे.

मी इकडे आले तेव्हा मला वाटलं होतं, तीन वर्षं. मग पाच. ही वर्षं धरायचीच नाहीत, खरं राहायचं ते परत गेल्यावर, असं मी स्वतःशी म्हणायचे. अजून म्हणते. इथे नवा पडदा घ्यावासा वाटला तरी घेत नाही, कशाला, जायचंच तर आहे. सुरेखासाठी मात्र घेऊन ठेवते. बॅगेत तिच्या मापाचे चार फ्रॉक होते. मग त्यांच्या जागी ड्रेस आले. आता साड्या आहेत.

उतावळ्याचा आज राग आला. चारदा गेला. चारही वेळा तिसऱ्या पोत्यापर्यंत नीट पोचला होता. तिथे सुखरूप होता. कोणाच्या भरवशावर पळतो? खांबाकडून शिकावं त्याने.

अर्जाला फोटो लागतो. माझा फोटो जुना आहे. नवा काढायला हवा.

१० मार्च

फखरुन्निसा म्हणाली, "तो हिरवा कागद वहीत ठेवून पिकतोय काय गो, आंब्यासारखा?"

मी म्हटलं, फोटो नाही. तिने माझ्या उशाखालचं पाकीट काढलं आणि त्यातले तीन नवे फोटो गादीवर मांडले. जानेवारीत हेल्थ कार्डासाठी काढले होते. मी विसरलेच होते.

१४ मार्च

आज अपघात विभागात ड्यूटी होती. एक कोरियन माणूस आला, उजव्या हाताचं मधलं बोट काळंनिळं, सुजलेलं. मी ओळखलं नाही. गादी नव्हती ना छातीला. बगळ्याला समजावताना उचलतो तसे त्याने खांदे उचलले, तेव्हा एकदम कळलं. काका.

हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. मी पट्टी बांधत होते. आमचं दोघांचंही इंग्रजी तुटकं, म्हणून बरं जमलं.

"पंधरा दिवस?" त्याने विचारलं.

"सहा आठवडे."

तो डाव्या हाताच्या बोटांवर मोजत राहिला. मोजून झाल्यावर हात मांडीवर ठेवला. सामना नऊ एप्रिलला, तो त्याच्या अलीकडे पडत होता.

काहीतरी बोलावं म्हणून मी सांगितलं, मी तुमचा खेळ बघते, गच्चीवरून, निळ्यांच्या बाजूने. त्याचा चेहराच बदलला. कोण आवडतं म्हणाला. मी म्हटलं, उंच माणूस, दुसऱ्या पोत्यावरचा. फार चांगला खेळतो.

"चांगला? तो?" त्याने डोकं हलवलं. "माणूस चांगला. पण नेहमी तिथेच राहतो."

"तेच तर. पकडला जात नाही."

मग त्याने माझ्याकडून पेन घेतलं आणि पट्टीच्या कागदी वेष्टनावर डाव्या हाताने चौकोन काढला, टोकावर उभा. चार कोपऱ्यांना चार टिंबं.

मी म्हटलं, तीन.

तो म्हणाला, चार. "चौथं गोदामाच्या मागे. तिथून सुरू. तिथेच परत." त्याने पेन चौकोनावरून पूर्ण फिरवून पहिल्या टिंबावर आणलं. "मग एक."

"आणि जो पोत्यावर उभा आहे?"

"डाव संपला की पोत्यावरचा तसाच राहतो. शून्य."

"बुटका माणूस," मी म्हटलं. "बाह्या दुमडलेला. तो गोदामाआड जातो. तुम्ही सगळे ओरडता त्याच्यावर."

काका इतका हसला की त्याला दुखरा हात धरावा लागला. "ओरडतो. आनंदाने. तो आमचा सगळ्यांत चांगला."

माझ्या मागे चार पेशंट उभे होते. मी पट्टीचं टोक चिकटवलं आणि पुढच्याला बोलावलं.

१५ मार्च

वहीतले सगळे आकडे पुन्हा पाहिले. त्यांचा काही उपयोग नाही. गेले त्यांत पकडलेले किती आणि पूर्ण फिरून आलेले किती, हे मी वेगळं लिहिलंच नव्हतं. आणि ज्यांना मी जिंकलेले म्हणत होते, ती सगळी पोत्यांवर राहून गेलेली माणसं.

लहानपणी आमच्या गल्लीतली मुलं आट्यापाट्या खेळायची. सगळ्या पाट्या ओलांडून गेलेला गडी तिकडेच थांबून चालायचं नाही, लोण घेऊन त्याच वाटेने परत यावं लागायचं. हे मला माहीत होतं. मग इथे कसं सुचलं नाही?

१९ मार्च, शुक्रवार

आज नुसतं बघितलं. रेघा मारल्या नाहीत.

उतावळा तिसऱ्या पोत्यावर होता. मागे वळून बघत नव्हता. बगळ्याऐवजी आज दुसराच फेकत होता, त्याचा हात वर गेला आणि हा सुटला. गोदामाआड गेला. ओरडा झाला, तसा मी कठडा घट्ट धरला.

खांब दुसऱ्या पोत्यावर होता. पाय पोत्याला चिकटलेला, कमरेतून पुढे वाकलेला, निघायच्या तयारीत. मला नेहमी वाटायचं तो निवांत उभा असतो. तो निवांत नसतोच. डाव संपल्यावर त्याने पोत्यावरची वाळू बुटाने झटकली आणि चालत चालत परत गेला.

फखरुन्निसा वर आली. आज तिने चेष्टा केली नाही. कठड्याशी उभी राहून म्हणाली, "तुला कोण अडवतंय गो? मॅडम लैला? तिने मला दोनदा विचारलंन, तुझी मैत्रीण अर्ज का देत नाय म्हणून."

"देणार आहे."

"कवा? पोरीला पोर झाल्यावर?"

तिने दोरीवरची चादर काढून घडी घालायला घेतली. एक टोक माझ्या हातात दिलं.

"मला भीती वाटते," मी म्हटलं.

"विमानाची?"

"नाही."

"मग कसली?"

कसली, ते आताही लिहिता येत नाही. आम्ही चादरीची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा जुळेपर्यंत तिने दोनदा उलगडली.

२३ मार्च

अर्ज दिला.

कारणाच्या रेघेवर लिहिलं: मुलीचे लग्न. दोन शब्द. दीड महिना लागला.

मॅडम लैलांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि खण उघडला. आत एक यादी होती. दुसऱ्या जागेसमोर त्यांनी पेन्सिलीने माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. तारीख बावीस फेब्रुवारीची. त्यांनी पेनाने ते गिरवलं.

"दहा दिवस," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस एप्रिलला जायचं, आठ मेला इथे हजर. एक दिवस जास्त नाही."

त्या कशाला लक्षात ठेवतील, असं मी या वहीत लिहिलं होतं. ते पान फाडावं असं वाटलं, पण फाडलं नाही.

९ एप्रिल, शुक्रवार

आज खरा सामना. तो इथे नाही, दुसऱ्या छावणीच्या मैदानावर आहे. दुपारी गच्चीवरून त्यांची बस जाताना पाहिली. निळ्या टोप्या खिडक्यांतून दिसल्या. काका पुढच्या बाकावर बसला होता, प्लास्टरचा हात खिडकीबाहेर.

बस वळली. मैदान रिकामं होतं, पोतीही उचलली होती. पाच वाजेपर्यंत मी तिथेच थांबले. कशासाठी, माहीत नाही. इतके दिवस सगळं बघितलं ते न मोजायचं होतं, आणि मोजायचं ते बघायला मिळणार नाही.

१७ एप्रिल

विजयाचं पत्र. "तू येणार हे कळून आनंद झाला. घरात पाहुणे फार होतील, त्यामुळे तुझी उतरायची सोय समोरच्या शरदरावांकडे केली आहे. तुला तिथे निवांत वाटेल. सुरेखाच्या सासरच्यांना आम्ही फार काही सांगितलेलं नाही, तेव्हा सांभाळून बोल. तू आल्यावर समजेलच."

शरदरावांची खोली हवेशीर आहे. तिथे मोठा पंखा आहे. बरं झालं.

काय सांगितलेलं नाही, ते तिने लिहिलेलं नाही. मी परदेशात नर्स आहे हे असेल. काही लोकांना नाही आवडत.

हे पत्र मी फखरुन्निसाला वाचून दाखवलं नाही.

२५ एप्रिल

काका प्लास्टर काढायला आला. बोट पांढरं आणि बारीक झालं होतं, दुसऱ्याच कोणाचं असावं तसं.

मी आधी सामन्याचं विचारलं.

"हरलो. एकाने." त्याने दुसऱ्या हाताचं धडधाकट बोट वर केलं. "शेवटी उंच माणूस तिसऱ्या पोत्यावर होता. तिसऱ्या. पहिल्यांदाच." मग त्याने ते बोट खाली घेतलं.

"पळाला नाही?"

"पळाला," तो म्हणाला. "एवढं राहिलं." आणि टेबलाच्या कडेपासून वीतभर अंतर दाखवलं.

खांब पळाला. मला त्याची धाव बघता आली नाही.

काका घरी कधी जाणार, विचारलं. कंपनीने करार वाढवलाय म्हणाला. "पुढच्या वसंतात पुन्हा सराव." मी म्हटलं, मी असेनच. हे म्हणताना मला वाईट वाटलं नाही, याचंच नंतर दिवसभर वाईट वाटत राहिलं.

२८ एप्रिल

विमानतळावर लिहिते आहे.

सकाळी ऑफिसातल्या कपाटातून पासपोर्ट मिळाला. दोन वर्षांनी हातात घेतला. त्यातली बाई माझ्यापेक्षा तरुण आहे आणि तिला कुठेतरी लवकर पोचायचं आहे असं दिसतं.

फखरुन्निसाचा भाऊ झहूर कंपनीची पिकअप चालवतो, तो सोडायला आला. निघताना फखरुन्निसा म्हणाली, "मी तीन वाजता किल्ली घेतंय. गच्चीवरून तुझी हिरवी चादर हलवीन. वर बघ हां. आणि रडूबिडू नको, नवरदेवाकडचे घाबरतील."

बस नेहमी पुढच्या फाटकाने जाते. झहूर मागच्या रस्त्याने निघाला, गोदामाला वळसा घालून. पत्र्याची भिंत संपली तसं मी त्याला थांबायला सांगितलं.

"ताई, उशीर होईल."

"दोन मिनिटं."

चौथी जागा तिथे होती. पोतं नव्हे. पांढरी रंगवलेली लाकडाची फळी, जेवायच्या पाटाएवढी, जमिनीत बसवलेली. मला वाटलं होतं ती बाकीच्यांपेक्षा मोठी असेल. रंग कडांना उडाला होता. सरावाच्या शेवटच्या दिवसांतल्या पावसाच्या शिंतोड्यांनी भोवतालची माती घट्ट झाली होती आणि तिच्यात बुटांचे ठसे राहिले होते. काही पहिल्या कोपऱ्याकडे निघालेले, बाकी सगळे तिसऱ्या कोपऱ्याकडून येत होते, फळीपाशी एक खोल पाऊल, आणि तिथून लगेच बाजूच्या बाकाकडे गेलेले. फळीवर थांबलेलं कोणी दिसत नव्हतं. टेकून लगेच बाजूला व्हायचं, पुढचा येत असतो.

मी चपला काढल्या आणि दोन्ही पायांनी फळीवर उभी राहिले. फळी तापलेली होती.

झहूरने हॉर्न वाजवला. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. फखरुन्निसा एव्हाना गच्चीवर असणार, चादर हलवत. मी मान वर करून बघितलं. समोर पत्र्याचं छप्पर होतं, वर आभाळ.

तिथून गच्ची दिसत नाही.